शरदातलं आकाश: कुठून सुरुवात करायची, कोणती गोष्ट सांगायची?

सावनी
मृग, वृश्चिक, सप्तर्षी दाखवायला काही लागत नाही. बोट केलं की मुलं ओरडतात, "दिसला!" पण पाऊस गेला, हवा धुऊन निघाली, की डोक्यावर जो भाग येतो तो नेमका फिक्या ताऱ्यांचा. महाश्व, देवयानी, मीन, कुंभ, तिमिंगल. एकही भपकेबाज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली आठ ते बारा वर्षांची मुलं गच्चीवर जमणार आहेत. आम्ही पुण्याच्या कडेला राहतो. डोक्यावर आणि उत्तरेला बऱ्यापैकी अंधार असतो, दक्षिणेचं आकाश मात्र हायवेच्या दिव्यांनी खाल्लेलं. दुर्बीण एकच, ७×५०.

माझं मत आधीच सांगते. हे आकाश गोष्टीशिवाय लक्षात राहत नाही. राजा, राणी, राजकन्या, वीर, समुद्रातला राक्षसी मासा आणि पंखांचा घोडा, असे सहा तारकासमूह एकाच ग्रीक कथेतले आणि सगळे जवळ जवळ. कथा कळली की निम्मी शोधाशोध संपते. तर अनुभवी मंडळींनी सांगा: सुरुवात कुठल्या ताऱ्यापासून करता? आणि गोष्ट कुठून सुरू करता?

निशाचर
चटई टाका. हे आकाश उभ्याने बघायचं नाहीच.

महाश्वाचा (पेगॅससचा) मोठा चौकोन महाराष्ट्रातून जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास, नोव्हेंबरच्या मध्यात आठलाच. चार तारे, बाजू साधारण पंधरा अंशांची. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे दीड मूठ. नवखा माणूस नेहमी छोटा चौकोन शोधतो आणि फसतो, म्हणून मुलांना आधी मूठ मोजायला लावा. आतला भाग जवळजवळ रिकामा दिसतो, हीच त्याची खूण. शहराच्या कडेवरून आत दोन-तीन तारे दिसले तरी खूप झालं.

एकदा चौकोन सापडला की तोच सगळ्यांचे पत्ते सांगतो. ईशान्येच्या कोपऱ्यातला तारा अल्फेराट्झ. तिथून जवळजवळ सारख्या अंतराने मिराक आणि आलमाक, ही देवयानी (अँड्रोमेडा). तीच रेघ तशीच पुढे नेली की ययाति (पर्सियस) मधला मिरफाक. चौकोनाची पश्चिमेकडची बाजू दक्षिणेला साधारण तिप्पट वाढवा: फोमलहॉट. या सगळ्या फिक्या भागातला एकुलता एक पहिल्या प्रतीचा तारा. तुमच्या हायवेच्या उजेडातही दिसेल, पुण्यातून बेचाळीस अंश वर येतो. पूर्वेकडची बाजू दक्षिणेला वाढवली की तिमिंगलाचा डिफ्डा. तीच बाजू उत्तरेला वाढवली की शर्मिष्ठेचा (कॅसिओपियाचा) काफ, आणि आणखी पुढे ध्रुव.

मुग्धा
वाचतेय. निशाचर, चौकोनाचे चार तारे म्हणालात, पण माझ्या नकाशात महाश्वाचे तीनच आहेत?

निशाचर
@मुग्धा, बरोबर आहे. अल्फेराट्झ पूर्वी घोडा आणि राजकन्या दोघांत वाटून घेतलेला होता. १९३० मध्ये तारकासमूहांच्या अधिकृत सीमा ठरल्या तेव्हा तो देवयानीकडे गेला. घोड्याच्या पाठीवरचा एक कोपरा राजकन्येचं डोकं आहे.

धोंडोपंत
मूळ प्रश्नाला थोडा विरोध. ग्रीक गोष्ट जरूर सांगा, पण आधी का? हा चौकोन आपल्या घरातला आहे. पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वाभाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तराभाद्रपदा. भाद्रपदातली पौर्णिमा या चौकोनाच्या आसपास होते म्हणून त्या महिन्याचं नाव भाद्रपद. पुढची पौर्णिमा अश्विनीजवळ, म्हणजे मेषेच्या डोक्याशी, म्हणून आश्विन. कोजागरीच्या रात्री दूध आटवत आपण ज्या चंद्राकडे बघतो तो याच भागात असतो. मुलांना कॅलेंडरवरचं महिन्याचं नाव आकाशात दाखवता येतं, यापेक्षा जवळची सुरुवात कोणती?

जुनं नाव प्रोष्ठपदा. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय मानले आहेत. मूल चौकोन बघून पटकन "बाज" म्हणेल. "घोडा" कुणीही म्हणणार नाही.

सावनी
@धोंडोपंत, भाद्रपदाचं सांगणारच आहे, मुद्दा पटला. पण बाज सापडल्यावर पुढे काय? देवयानीपर्यंत, ययातिपर्यंत न्यायला काहीतरी धागा हवा. तो गोष्टीतून मिळतो.

गोष्टीवेल्हाळ
धागा म्हणालात म्हणून लिहितो. मी कथा नेहमी राणीपासून सुरू करतो, कारण भांडण तिच्यापासून सुरू होतं.

इथिओपियाचा राजा सेफियस, आपल्या पुस्तकांतला वृषपर्वा. त्याची राणी कॅसिओपिया. ती म्हणाली, समुद्रातल्या जलकन्यांपेक्षा, नेरिड्सपेक्षा, मी सुंदर. (काही कथांत ती स्वतःबद्दल नाही, मुलीबद्दल म्हणते. आई सांगत असेल तर हा पाठ घ्या, मुलं जास्त रंगतात.) जलकन्या गेल्या पोसायडनकडे. समुद्राच्या देवाने पूर आणला आणि केटस हा राक्षसी मासा (आपला तिमिंगल) किनाऱ्यावर सोडला. राजाने अमॉनच्या देवस्थानी कौल लावला. कौल मिळाला: मुलगी द्या. अँड्रोमेडाला किनाऱ्यावरच्या खडकाला साखळदंडांनी बांधलं.

इथे थांबायचं आणि आकाशात बोट करायचं. उत्तरेला राजाराणी, मध्ये मुलगी, दक्षिणेला मासा. नवरा-बायको दोघं वरून बघतायत आणि मासा खालून येतोय. आकाशात ही रचना जशीच्या तशी आहे, हे मुलांना दिसलं की ती स्वतःच विचारतात, "आणि वाचवणारा कुठे?" मग ईशान्येकडे वर येणारा पर्सियस दाखवायचा. तो उशिरा उगवतो. नेमका वेळेवर पोचणारा नायक!

पर्सियसची गोष्ट मागे जाऊन सांगावी लागते. आर्गोसच्या अक्रिसियस राजाला भविष्य कळलं होतं की नातवाच्या हातून मरण. त्याने मुलीला, डॅनाईला, कोंडून ठेवलं. झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपाने आत गेला. आई आणि बाळ पेटीत घालून समुद्रात सोडलं, ती पेटी सेरिफॉस बेटाला लागली. तिथल्या राजाने मोठ्या झालेल्या पर्सियसला मेड्यूसाचं डोकं आणायला पाठवलं, कारण त्याला डॅनाई हवी होती आणि मुलगा आड येत होता. अथेनाची चकचकीत ढाल, हर्मीसचा विळा, पंखांच्या चपला. मेड्यूसाकडे थेट न बघता ढालीतल्या प्रतिबिंबात बघून डोकं उडवलं. परत जाताना खाली खडकाला बांधलेली मुलगी दिसली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: मासा मेला, मुलगी सुटली.

कर्णिका
वा! ही पेटी वाचताना कर्णाची आठवण येणारच.

निशाचर
पण पर्सियस पेगॅससवर बसून आला असं सांगू नका. हल्लीच्या सिनेमांनी हे इतकं पसरवलंय की मुलं तसंच ऐकून आलेली असतात. जुन्या कथेत तो पंखांच्या चपलांनी उडतो. पेगॅसस मेड्यूसाच्या मानेतून, तिचं डोकं उडाल्यावर, जन्मतो. त्या घोड्यावर बसणारा वीर वेगळा, बेलेरोफॉन. त्याने शिमेरा मारली, मग माज चढला आणि ऑलिंपसवर जायला निघाला. झ्यूसने गोमाशी पाठवली, ती घोड्याला चावली, स्वार खाली. घोडा तेवढा वर पोचला.

गोष्टीवेल्हाळ
तत्त्वतः मान्य, पण आठ वर्षांच्या मुलाला घोडा हवा असतो. घोड्याचा जन्म सांगतोच, त्याच भागात आहे म्हणून तो कथेचा साक्षीदार. हेलिकॉन डोंगरावर त्याने टाप मारली आणि हिप्पोक्रीनीचा झरा फुटला, कवींना स्फूर्ती देणारा. हे मात्र नक्की सांगा.

मेलबर्नहून_अनघा
इथे आता वसंत आहे, त्यामुळे "शरदातलं आकाश" वाचताना मजा वाटते. दोन गोष्टी सांगते.

नेहमीच्या नकाशात पेगॅसस उलटा असतो, पाय वर, मान खाली. माझ्याकडून तो उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम तीस अंशांवर दिसतो आणि सरळ उभा! घोड्याचं डोकं म्हणजे एनिफ तारा वरच्या बाजूला, पाय खाली. लहानपणी डोंबिवलीला नकाशा घेऊन बघायचे तेव्हा घोडा कधी जमलाच नव्हता. इथे आल्यावर पहिल्यांदा घोडा दिसला.

दुसरं म्हणजे इथे राजाराणी नाहीतच. शर्मिष्ठा आणि वृषपर्वा मेलबर्नच्या क्षितिजावर कधी येत नाहीत. राजकन्या उत्तरेला जमिनीला लागून सरकते, मिरफाक दोन अंश वर येतो आणि जातो. मासा मात्र ऐन डोक्याकडे. आईबाप गायब, सोडवणारा अर्धामुर्धा. माझा मुलगा म्हणाला, "मग इथे तिला मासा खातो का?"

निशाचर
अनघाताई, मुलाला शाबासकी द्या. आणि घोडा सरळ बघायला मेलबर्न गाठायला नको. चौकोन डोक्यावर असताना पाय उत्तरेकडे करून चटईवर झोपा. उत्तर खाली आली की घोडा सरळ होतो. सावनी, हे करून बघाच.

रोहन_म्युनिक
आमच्याकडे अगदी उलट. कॅसिओपिया कधी मावळतच नाही. आत्ता रात्री डोक्यावर आहे, मे महिन्यात उत्तर क्षितिजावर डब्ल्यू होऊन बसलेली असते. खुर्चीला बांधून ध्रुवाभोवती फिरवायची, म्हणजे अर्धी फेरी उलटं लटकायचं, ही तिची शिक्षा इथून वर्षभर दिसते. मला वाटतं ही कथा ज्यांच्या आकाशात ती मावळत नव्हती अशा लोकांनीच रचली असणार.

धोंडोपंत
महाराष्ट्रात ती मावळते. ध्रुव इथे अठरा-एकोणीस अंशांवर, शर्मिष्ठा ध्रुवापासून तीस अंश दूर. त्यामुळे आपल्याकडून ती उत्तरेला वर असताना इंग्रजी एमसारखी दिसते, खालचा डब्ल्यू जमिनीखाली जातो. आपल्या मुलांना "डब्ल्यू शोधा" सांगणं म्हणजे परदेशी पुस्तकाची नक्कल. एम सांगा.

अयनांश
@रोहन, इथे एक गंमत आहे. आज अथेन्सहून बघितलं तर ती मावळत नाही हे खरं. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे तारे आजच्यापेक्षा बारा-तेरा अंश दक्षिणेला होते. तेव्हा ग्रीसमधून कॅसिओपियाचा काही भाग क्षितिजाखाली जायचा.

आणि नेमकं हेच त्या काळच्या कवीने लिहून ठेवलंय. अराटसच्या काव्यात ती पाणबुड्याने सूर मारावा तशी डोकं खाली करून जाते, पाय आणि गुडघे सिंहासनाच्या वर राहतात. आणि पुढे तो म्हणतो की जलकन्यांशी बरोबरी केली त्याची ही किंमत. जिने समुद्रकन्यांना कमी लेखलं तिचं डोकं रोज समुद्रात बुडवलं जातं! कथा आणि आकाश यांचा इतका चपखल मेळ मला दुसरीकडे सापडलेला नाही. म्हणून माझं मत रोहनच्या उलट: ही शिक्षा जिथे राणी अर्धी बुडते तिथेच शोभते.

रोहन_म्युनिक
हे फारच भारी आहे. वाचून लगेच बाल्कनीत जाऊन आलो. ढग.

ठाणेकर_साहिल
एक शंका. मराठीत कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सेफियस वृषपर्वा, म्हणजे बाप-लेक. ग्रीक कथेत ते नवरा-बायको. मुलांचा गोंधळ होत नाही का?

गोष्टीवेल्हाळ
होतो. म्हणून एका रात्री एकच कथा. पण ज्याने ही नावं बसवली त्याने विचार केलेला दिसतो. शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं, ययातिने हात धरून बाहेर काढलं. पर्सियसनेही अँड्रोमेडाला सोडवलं. संकटातली मुलगी, सोडवणारा राजा आणि जिच्यामुळे संकट आलं ती स्त्री, तिघं आपापल्या जागी चपखल. पुढे दोन्ही कथांत लग्नही होतं. मग वाटा वेगळ्या. ययातिच्या घरी शुक्राचार्यांचा शाप आणि अकाली म्हातारपण, तर पर्सियसने लग्नात भांडायला आलेल्या फिनियसला आणि त्याच्या माणसांना मेड्यूसाचं डोकं दाखवून तिथेच दगड केलं.

कर्णिका
आणि आजोबा? भविष्य खरं झालं का?

गोष्टीवेल्हाळ
झालं. खेळांच्या स्पर्धेत पर्सियसने फेकलेली थाळी भरकटली आणि प्रेक्षकांत बसलेल्या अक्रिसियसला लागली.

तर्कट
रसभंग करतोय, पण बोलतो. आकाशात यातलं काही दिसत नाही. चार ठिपके आणि एक रेघ. मुलांना "ही राजकन्या" सांगितलं की ती दहा मिनिटं राजकन्या शोधतात आणि हिरमुसतात. त्यापेक्षा ताऱ्यांची नावं, अंतरं, रंग सांगा.

अयनांश
@तर्कट, आकृती दिसत नाही हे सगळ्याच संस्कृतींना माहीत होतं. म्हणून तर तोच चौकोन बाबिलोनमध्ये शेत होता, "इकू" हे जमिनीचं माप त्याला दिलेलं. आपल्याकडे बाजेचे पाय. चीनमध्ये पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांची खोली आणि पूर्वेकडच्या दोघांची भिंत. गंमत म्हणजे चिन्यांनी आणि आपण ताऱ्यांच्या जोड्या अगदी सारख्या पाडल्या आहेत. चित्र दिसायला हवं अशी अटच नव्हती. जागा लक्षात राहायला हवी, एवढंच.

आणि या भागात सगळं पाणीच का, हेही बघा. कुंभ, मीन, तिमिंगल, दक्षिण मत्स्य, मकर हा अर्धा मासा. एक मत असं की इराकच्या भागात पावसाळा हिवाळ्यात, तेव्हा सूर्य या राशींत असायचा. आपला पाऊस मृग-आर्द्रात, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं आकाशाच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

सावनी
@तर्कट, मुलांना हिरमुसताना मीही पाहिलंय, तुमचं म्हणणं उडवून लावत नाही. पण नुसती अंतरं सांगितली की दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. गोष्ट सांगितलेली मुलगी महिन्याने येऊन सांगते, "मावशी, आज मासा वर आला होता."

तर्कट
बरं. मग अंतरासाठी तरी देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) दाखवा. मिराकपासून शर्मिष्ठेच्या दिशेला वळा, दोन फिके तारे लागतात, दुसऱ्याच्या शेजारी धुरकट ठिपका. ७×५० मधून लांबट पुंजका दिसेल. इसवी सन ९६४ च्या सुमारास अल्-सूफीने त्याची "छोटा ढग" म्हणून नोंद केली. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला.

आणि ते अंतर कळलं कसं, तर राजामुळे! सेफियसमधला डेल्टा तारा दर ५.३७ दिवसांनी कमी-जास्त होतो. अशा ताऱ्यांचा कालावधी जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ पर्यंत पक्कं केलं. १९२३ च्या ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला देवयानीतल्या "ढगात" तसाच एक तारा सापडला आणि तो ढग आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे सिद्ध झालं. बापाच्या ताऱ्याने लेकीच्या घराचं अंतर मोजलं. ही माझी गोष्ट, आणि यात खोटं काही नाही.

कर्णिका
तर्कट, तुम्ही तर सर्वांत चांगली गोष्ट सांगितलीत :)

नाना_वाईकर
उशिरा आलो. अल्गोलबद्दल अजून कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं.

ययातिच्या एका हातात मेड्यूसाचं डोकं आहे, त्यातला हा तारा. अरबी नावाचा अर्थ राक्षसाचं डोकं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. एरवी २.१ प्रतीचा, मंद होतो तेव्हा ३.४ (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका). पूर्ण प्रकार दहाएक तासांचा, पण उतार डोळ्यांना जाणवतो तो शेवटच्या दोन-अडीच तासांत. आमच्याकडे वाईला कृष्णेच्या अंगाला अंधार चांगला असतो. बघण्याची रीत अशी: आलमाक आणि अल्गोल एरवी सारखे दिसतात. दर अर्ध्या तासाने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचं आणि वहीत लिहायचं. आधी वाटतं काही होत नाही. मग एकदम लक्षात येतं की आलमाक पुढे गेला. नंतर अल्गोलच्या जवळच एक फिका तारा आहे, रो पर्सियाय, त्याच्याशी तुलना सुरू होते. ऐन मंद वेळी दोघं जवळजवळ जोडीचे. नंतर तितक्याच सावकाश तो परत चढतो. दुर्बीण लागत नाही.

याचं कारण पहिल्यांदा नीट सुचवलं ते यॉर्कच्या जॉन गुडरिकने, १७८३ मध्ये. वय अठरा. तो बहिरा होता. एखादी काळी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी असं त्याने सुचवलं. रॉयल सोसायटीने त्याच वर्षी त्याला कोपली पदक दिलं. वर तर्कट यांनी लिहिलेल्या डेल्टा सेफियायचा बदलही त्यानेच शोधला, १७८४ मध्ये. एकविसाव्या वर्षी गेला. मुलांना पर्सियस सांगाल तेव्हा हा पोरगाही सांगा.

मुग्धा
नाना, अंगावर काटा आला. ग्रीकांना अल्गोल बदलतो हे माहीत होतं का? म्हणूनच मेड्यूसाचा डोळा?

नाना_वाईकर
मला वाटतं माहीत होतं. रोज आकाश बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार नाही. हेलसिंकीच्या संशोधकांनी तर तीन हजार वर्षांहून जुन्या इजिप्शियन शुभाशुभ दिवसांच्या पंचांगात २.८५ दिवसांचं चक्र दाखवलंय.

अयनांश
नाना, आदर ठेवून असहमत. ते चक्र अल्गोलचंच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि एकाही ग्रीक ग्रंथात अल्गोल बदलतो असं लिहिलेलं नाही. टॉलेमी तारा नोंदवतो, बदल नोंदवत नाही.

नाना_वाईकर
लिहिलं नाही म्हणून पाहिलंच नाही असं होत नाही. धनगराला विचारा, तो काय काय पाहतो आणि काय लिहितो.

ठाणेकर_साहिल
अवांतर: तो खडक कुठे आहे, सापडतो का?

गोष्टीवेल्हाळ
जुन्या लेखकांनी तो याफाला, म्हणजे आजच्या तेल अवीवजवळच्या बंदरात दाखवला. साखळ्यांच्या खुणा दाखवत असत असं जोसेफस लिहितो. प्लिनी तर सांगतो की स्कॉरस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने तिथून "त्या राक्षसाची हाडं" रोमला आणून लोकांना दाखवली. लांबी चाळीस फूट आणि बरगड्या हिंदुस्थानातल्या हत्तींपेक्षा उंच! बहुतेक देवमाशाचा सांगाडा असावा, पण मोजमापाला आपला हत्ती घेतला याचा मला उगाच आनंद होतो.

मुलांना आणखी एक सांगा. कथा इथिओपियाची, आणि रोमन कवी ओव्हिडने अँड्रोमेडाला सावळी म्हटलंय. चित्रकारांनी पुढे तिला गोरीपान केलं. तुम्ही सावळीच सांगा.

सावनी
सांगणारच. आता एक खरी अडचण. मेड्यूसा. मी वाचलेल्या कथेत पोसायडन तिच्यावर अथेनाच्या देवळात जबरदस्ती करतो आणि अथेना शिक्षा करते ती मेड्यूसालाच, केसांचे साप. हे मुलांपुढे कसं सांगायचं? आणि गाळलं तर तिला नुसती राक्षसीण केल्यासारखं होतं. ते मला बरोबर वाटत नाही.

कर्णिका
माझ्याही मनात हेच होतं. तेरा-चौदाच्या मुलींना मी पूर्ण सांगते. त्या ऐकतात आणि खूप बोलतात.

अयनांश
तुम्ही म्हणता ती ओव्हिडची कथा, इसवी सनाच्या सुरुवातीची. सात-आठशे वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिओडमध्ये तीन गॉर्गन बहिणी आहेत, स्थेनो, युरिअली आणि मेड्यूसा. तिघींत मर्त्य एकटीच, मेड्यूसा. तिथे शाप नाही, देऊळ नाही. पोसायडन आणि ती वसंतातल्या फुलांच्या कुरणात एकत्र आले एवढंच आहे. आठ वर्षांच्या मुलांना हेसिओडची मेड्यूसा सांगा. त्यात गाळण्यासारखं काही नाही आणि तिच्यावर अन्यायही होत नाही. दोन अमर बहिणींतली एकटी मरणारी, हे ऐकून मुलांना तिच्याबद्दल आपोआप वाईट वाटतं.

सावनी
हे मला हवं होतं. मनापासून आभार.

मुग्धा
मीन आणि मेषेच्या गोष्टी राहिल्या!

गोष्टीवेल्हाळ
थोडक्यात. टायफॉन राक्षसाला घाबरून अ‍ॅफ्रोडायटी आणि इरॉस मासे झाले, हरवू नये म्हणून दोरीने बांधून घेतलं. मीनेत ती दोरी दिसते, म्हणजे अंधार असेल तर. मेष म्हणजे सोनेरी लोकरीचा मेंढा. फ्रिक्सस आणि हेली या भावंडांना पाठीवर घेऊन उडाला, हेली वाटेत समुद्रात पडली, ती सामुद्रधुनी हेलेस्पाँट. कुंभातला गॅनिमीड झ्यूसने गरुडाकरवी उचलून नेला. ही गोष्ट मुलांना पाणी वाढणारा मुलगा एवढीच सांगावी.

ठाणेकर_साहिल
गच्चीची किल्ली मिळाली का पण? पोसायडनला शांत करणं सोपं, सोसायटीच्या कमिटीला नाही.

सावनी
:) मिळाली. आता मूळ प्रश्नाकडे. रात्र कुठली धरू? आणि क्रम?

निशाचर
लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे अंधार उत्तम, पण फटाक्यांचा धूर. म्हणून धनत्रयोदशी किंवा त्याच्या आदल्या दोन रात्री. चंद्र पहाटेपर्यंत नसतो. नऊला जमा, वीस मिनिटं मोबाईल बंद, डोळे सरावू द्या.

क्रम असा धरा. मूठ मोजून चौकोन, भाद्रपदाची गोष्ट तिथेच. मग उत्तरेला एम, राणीची बढाई. तिच्या पश्चिमेला वृषपर्वा. लहान मुलं काढतात तसं उतरत्या छपराचं घर, पण आपल्याकडून उलटं, टोक ध्रुवाकडे. तो फिका आहे, सापडला नाही तर सोडून द्या, राजा तसाही या कथेत काही करत नाही. मग कौल आणि देवयानी. दक्षिणेला डिफ्डा म्हणजे माशाचं शेपूट. हायवेच्या उजेडात डिफ्डा आणि फोमलहॉट दोनच दिसतील, पुरे आहेत. एखादा ग्रह त्या भागात असेल तर आधी नकाशात बघून ठेवा. २०२४ च्या शरदात शनी कुंभेत होता आणि अनेकांनी त्यालाच फोमलहॉट समजून पुढच्या सगळ्या रेघा चुकवल्या. ययाति शेवटी, तोवर तो चांगला वर आलेला असेल. दीर्घिका सर्वांत शेवटी, एकेकाला दुर्बिणीतून, कारण रांग लागते आणि रांगेत गोष्ट ऐकली जात नाही.

धोंडोपंत
भाद्रपद आधी घेतलात. आता माझी तक्रार नाही. अल्फेराट्झपासून अल्जेनिबपर्यंत (चौकोनाचा आग्नेय कोपरा) जेवढं अंतर, तेवढंच पुढे दक्षिणेला गेलात की वसंतसंपात बिंदू, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो ती जागा, हेही मोठ्या मुलांना दाखवा. तिथे तारा नाही, पण आकाशाचं सगळं मोजमाप तिथून सुरू होतं.

नाना_वाईकर
आणि अल्गोलची मंद वेळ पाहून ठेवा. एखाद्या रात्री दोनला मंद असेल तर तीन रात्रींनंतर पावणेअकराच्या सुमारास, आणखी तीन रात्रींनंतर साडेसातच्या पुढे. म्हणजे एक वेळ कळली की पुढच्या हाताने काढता येतात. पावणेअकराची रात्र सुट्टीत येत असेल तर मुलांना दोनदा गच्चीवर न्या, साडेआठला एकदा आणि साडेदहाला एकदा. आलमाकशी तुलना त्यांनाच करू द्या, तुम्ही काही सांगू नका. वेळ इथे टाका, मी पडताळून देतो.

सावनी
नाना, उद्या टाकते.